चित्र बाहेर आहे

आमच्या पालकाच्या वाफ्यापुढे एक मुलगा टोपी काढून, मान खाली घालून उभा होता.

मी भांडी धुतलेल्या पाण्याची बादली घेऊन दारातच थबकले. सप्टेंबरातली दुपार, म्हणजे आमच्याकडचा वसंत, पीचच्या झाडांना नुकता गुलाबी बहर आलेला. वाऱ्यानं पाकळ्या उडून त्याच्या केसांत अडकत होत्या... आणि हा हलायला तयार नाही. डोळेसुद्धा मिटलेले!

“काय हवंय, अबुती?” मी हाक मारली. आमच्याकडे अनोळखी मुलगा अबुती, म्हणजे दादा; मुलगी आउसी, म्हणजे ताई.

तो दचकला. “माफ कर, आउसी. आत्याचं घर शोधत होतो. वाटेत हे दिसलं, म्हणून...” त्यानं आवाज आणखी खाली आणला. “कोण गेलं?”

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि हसू आवरायला मी ओठ इतके दाबले की दुखायला लागले. आमच्याकडे माणसाला पुरलं की वर दगड रचतात. आणि म्मेचा, माझ्या आईचा वाफा... तोही दगडांचाच! गोल, कमरेइतका उंच, एका बाजूला आत शिरायला खाच, मधोमध पाणी ओतायला काटक्यांची उभी टोपली. खेड्यातलं शेंबडं पोरही ओळखेल. पण हे ध्यान शहरातलं दिसत होतं.

“पालक,” मी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. “आज सकाळीच गेला. अर्धाच. उरलेला उद्या जाईल.”

त्यानं एकदा वाफ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग टोपीत तोंड लपवून तो जो काय हसला! मी बादली त्या टोपलीत ओतली, आणि खरं सांगते, निम्मं पाणी माझ्या बुटांत गेलं.

त्याचं नाव त्सेलिसो. राजधानीतून, मासेरूहून आत्याकडे राहायला आलेला, आणि सोमवारी बघते तर माझ्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर! चित्रं अशी काढायचा की आमच्या चित्रकलेच्या बाई, म्मे मापाबालो (मोठ्या बाईलाही आम्ही म्मेच म्हणतो), पहिल्याच आठवड्यात त्याच्या वहीवर हात फिरवून म्हणाल्या, “यंदाच्या प्रदर्शनात मधली भिंत याची.”

प्रदर्शनासाठी मीही नाव दिलं होतं. माझं नव्हे... म्मेचं. माझ्या आईचं.

का, ते सांगते. माझी म्मे कुणी काही विचारलं की म्हणते, “मी काय केलंय आयुष्यात? भाजी लावली.” हसून म्हणते, पण म्हणतेच. दोन हिवाळ्यांपूर्वी ती आजारी पडली, कमरेतून वाकताच येईना. तेव्हा शेजारीपाजारी एकेक दगड घेऊन आले आणि हा उंच वाफा उभा राहिला, उभ्याउभ्या खुरपता यावं म्हणून. म्मेनं त्यात नुसती भाजी लावली नाही. बिटाच्या लालजर्द पानांची रांग, तिच्याशेजारी कांद्याची निळसर पात, मग पालक, मग कडेला झेंडू. सगळ्या रांगा मधल्या टोपलीपासून सूर्याच्या किरणांसारख्या बाहेर पसरलेल्या. मला वाटायचं, एकदा तरी कुणीतरी, घरच्याशिवाय कुणीतरी, तिला कलाकार म्हणावं. बस, एवढंच हवं होतं मला. पण ते फार हवं होतं.

म्मे मापाबालोंनी यादी वाचली आणि माझ्या ओळीवर काट मारली.

“लेबो, भाजीपाला शेतीच्या तासाला.”

“पण म्मे, तुम्ही एकदा बघा तरी...”

“कलेला चौकट लागते, बाळ. भिंतीवर टांगता येईल किंवा टेबलावर मावेल असं काहीतरी आण. आणि जे शिजवून खातात, त्याला मी तरी कला म्हणत नाही.”

वर्ग खिदळला. दुसऱ्या बाकावरचा तोसुद्धा. मला बाकी कुणाचं काही वाटलं नाही... त्याचं मात्र वाटलं.

संध्याकाळी हा पठ्ठ्या आमच्या फाटकाशी हजर. हातात आत्याकडच्या भांड्यांच्या पाण्याची बादली! अर्ध्या गावातून सांभाळत आणलेली.

“हे काय?”

“माफी,” तो म्हणाला. “थोडी खरकटी आहे.”

“पालकाकडे माग. मेलेल्यांशी बोलायची सवय आहेच तुला.”

“आउसी लेबो, एक विचारू? मला हा वाफा काढू देशील? चित्रात? मग तो भिंतीवर टांगता येईल. मधल्या भिंतीवर.”

मी उत्तर द्यायच्या आत आतून म्मेचा आवाज आला, “मुलगा पाणी घेऊन आलाय आणि तू त्याला फाटकात उभं करतेस? आत घे त्याला!”

मग तो रोज येऊ लागला. वाफ्याच्या खाचेत उभा राहायचा, मांडीएवढी वही कुशीत धरून. मी समोरून तण उपटायचे. तण संपलं तरी उपटायचे...

“तू माझ्याकडे बघतोयस की बिटाकडे?”

“बिटाकडे. तू मध्ये येतेस.”

“मग हलू का?”

“नको,” तो वहीत बघत पुटपुटला. “बीट तुझ्यामागे चांगलं दिसतंय.”

या वाक्यावर मी दोन दिवस काढले.

पण चित्र काही पुरं होईना. चौथ्या दिवशी त्यानं पेन्सिल फेकलीच. “म्मे मारेलेबोहिले, तुम्ही माझं चित्र खाताय! काल ही रांग भरगच्च काढली, आज इथे टक्कल!”

मारेलेबोहिले म्हणजे माझी म्मे. आमच्याकडे पहिल्या लेकराच्या नावावरून आईला नाव मिळतं, आणि माझं पूर्ण नाव रेलेबोहिले. ‘आम्ही आभारी आहोत’. इतकं लांबलचक कोण म्हणणार? सगळे लेबोच म्हणतात.

म्मे पाटीत पानं भरत हसली. “भाजी वाट बघत नाही, बाबा. आज कापली तर गुरुवारी नवी. थांब, ही कडेची दोन पानं तुझ्यासाठी ठेवते.”

“दोन पानांनी काय होणार?”

“मग तूही खाऊन जा. मक्याचा पापा गरम आहे.”

तो जेवून गेला. पापाच्या घट्ट उकडीबरोबर त्यानं स्वतःच्या चित्रातली सगळी डावी बाजू खाल्ली.

प्रदर्शनाच्या सकाळी मी शाळेच्या सभागृहात शिरले. मधल्या भिंतीवर मोठी लाकडी चौकट टांगलेली. आत काहीही नाही. नुसती भिंत दिसत होती. खाली त्याच्या सुबक अक्षरात चिठ्ठी:

‘मला जमलं नाही. चित्र बाहेर आहे. फाटकातून डावीकडे, तीनशे वीस पावलं. कलाकार: म्मे मारेलेबोहिले.’

“वेडा आहेस का तू!” मी कुजबुजले. “बक्षीस तुझंच होतं!”

“पाच वह्या संपवल्या, लेबो. ते थांबतच नाही... मी थांबलेलं काढतो. उगाच खोटं कशाला टांगू?”

तेवढ्यात म्मे मापाबालो आल्या. चौकट पाहिली, चिठ्ठी वाचली. अंगावरची घोंगडी त्यांनी खांद्यावर घट्ट ओढली. ही त्यांची रागाची खूण, सगळ्या शाळेला ठाऊक आहे.

“हा काय थट्टेचा विषय आहे, त्सेलिसो? उतरव ती.”

त्यानं हात वर केला, चौकट काढायला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “थांबा, म्मे!”

सगळे वळले. पूर्वीची मी असते तर पायांकडे बघत बसले असते. पण माझी नजर त्या चौकटीशेजारच्या भिंतीवर गेली होती. दरवर्षीप्रमाणे तिथे लितेमाचे फोटो होते... आमच्या घरांच्या मातीनं लिंपलेल्या भिंती, ओल्या असतानाच बायकांनी बोटांनी आणि काट्यानं ओढलेल्या समांतर रेघा, पानं, किरणं. पाऊस आला की धुऊन जातात, मग बायका पुन्हा काढतात.

“म्मे, लितेमा ही कला आहे ना?”

“आपली सर्वांत जुनी,” त्या म्हणाल्या.

“मग हा शब्द कुठून आला?”

त्यांनीच तर आठवीत शिकवलं होतं! ‘हो लेमा’ म्हणजे नांगरणं.

“नांगरलेल्या शेतावरून!” माझा आवाज चिरकला, पण मी थांबले नाही. “बायकांनी आधी जमिनीवर रेघा ओढल्या, म्मे. भिंतीवर नंतर! भिंतीवरच्या रेघा आपण फोटो काढून इथे लावतो, आणि ज्या जमिनीवरून त्या उचलल्या तिला शेतीच्या तासाला पाठवतो? लितेमा पावसात जाते, म्मेची भाजी पोटात जाते. दोन्ही पुन्हा येतात... एवढाच फरक आहे!”

म्मे मापाबालोंनी घोंगडी हळूच सैल केली.

“किती पावलं म्हणालास?”

“तीनशे वीस, म्मे.”

सगळा वर्ग निघाला. मी पुढे पळत सुटले, कारण मला एकच भीती होती... आणि ती खरीच ठरली. म्मे फाटका ॲप्रन बांधून, हातात सुरी घेऊन वाफ्यापाशी!

“म्मे, कापू नकोस!”

“मग रात्री काय खाशील? चित्र?” म्हणत ती वळली आणि फाटकात पस्तीस माणसं पाहून सुरी पाठीमागे लपवली.

म्मे मापाबालो वाफ्याभोवती एक फेरी मारून आल्या. मग म्हणाल्या, “हे कांदे बिटाशेजारी का?”

“किडीसाठी,” म्मे म्हणाली. ओशाळून तिनं हात ॲप्रनला पुसले. “आणि... लाल-निळं शेजारी शेजारी बरं दिसतं.”

“आणि ही खाच त्या बाजूला का? पाणी तर इकडून आणता.”

म्मे जरा घुटमळली. “तेव्हा मी अंथरुणात होते ना, म्मे. खिडकीतून एवढंच दिसायचं, म्हणून खाच खिडकीसमोर. मी आतून सांगायचे, लेबो लावायची. झेंडू जरा डावीकडे, कांदा अजून एक रांग... तिला वाटायचं मी कटकट करते. पण दिवसभर बघायला काहीतरी चांगलं हवं होतं. म्हणजे उठावंसं वाटतं.”

मला हे माहीतच नव्हतं! मी लावत होते सगळं, चिडचिड करत... आणि ती पडल्या पडल्या चित्र काढत होती. माझ्या हातांनी.

म्मे मापाबालो घराच्या खिडकीपाशी गेल्या. बाहेरून आत वाकून पाहिलं, मग वळून तिथूनच वाफ्याकडे. आणि खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला.

“मी चौकट हवी म्हणाले होते,” त्या सावकाश म्हणाल्या. “आहे की.” आणि यादी काढून, माझ्या खोडलेल्या ओळीच्या वर त्यांनी पुन्हा नाव लिहिलं. मोठ्या अक्षरांत.

म्मेनं ते वाचलं. ओठ हलवत, दोनदा. मग आत गेली आणि बराच वेळ चुलीपाशी भांडी आपटत राहिली. रडू आलं की ती हेच करते.

बक्षीस एका मातीच्या घोड्याला मिळालं. खरंच छान होता घोडा.

दुपारी सगळे गेल्यावर त्सेलिसो मागे राहिला. वाफ्याच्या खाचेत शिरून त्यानं टोपी काढली आणि मान खाली घातली. अगदी पहिल्या दिवसासारखी.

“पुन्हा कोण गेलं?” मी पाण्याची बादली घेऊन येत विचारलं.

“कुणी नाही,” तो म्हणाला. “या वेळी चुकून नाही उभा.” आणि म्मे दारात आली तशी तिच्याकडे बघून, एकेक अक्षर सावकाश उच्चारत तो म्हणाला, “रे लेबोहिले, म्मे.”

म्मे हसली. “एकटाच तर आहेस! मग ‘मी आभारी’ म्हण की. शहरात एवढंही शिकवत नाहीत? हे ‘आम्ही’ कोण?”

तो टोपी हातात फिरवत राहिला, आणि मग त्यानं माझ्याकडे पाहिलं... बिटाकडे नाही. माझ्याकडे.

माझं एवढं लांबलचक नाव त्या दिवसापर्यंत कुणी इतकं हळू घेतलं नव्हतं.

मी बादली खाली ठेवली. खाचेत एकालाच उभं राहायला जागा असते, तरी शिरले, त्याच्याशेजारी, खांद्याला खांदा लागेल इतकी.

“आम्ही म्हणजे आम्ही, म्मे,” मी म्हणाले.