रतनलाल शेठची काळी फोर्ड

"साहेब, फोर्ड गेली."

एवढंच बोलून केवलचंद शेठ फोनवर धापा टाकू लागले. सहायक फौजदार पितांबर बागूल यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दुपारचे साडेतीन. १९९० सालातला मे महिना, रविवार, आणि निवृत्तीला उरलेले दिवस बावीस. हे बावीस दिवस कोणी काही चोरू नये एवढीच त्यांची देवाकडे मागणी होती.

"कुठे गेली?"

"ते माहीत असतं तर तुम्हाला कशाला फोन केला असता?"

हेही बरोबरच होतं. बागुलांनी टोपी घातली, गुडघ्याला जुनं फडकं बांधलं आणि जीपमध्ये बसले.

शेठची कापसाची जिनिंग एरंडोलपासून पाच मैलांवर, टेकडीच्या पायथ्याशी. काळ्या मातीचं मोठं आवार, एका बाजूला राहतं घर, दुसऱ्या बाजूला पत्र्याची शेड. तिच्या दारातून एकच रस्ता जायचा. खाली गेला की दोन मैलांवर जकात नाका आणि मग मोठा रस्ता. वर गेला की टेकडीचा लाल मुरूम तुडवत पाऊण मैलावर शेठच्या वडिलांनी बांधलेला हवा खायचा बंगला. तिथे रस्ता संपायचा, आणि बंगल्यात आता वटवाघळांशिवाय कोणी हवा खात नव्हतं.

शेडचं कुलूप शाबूत होतं. आत रिकामी जागा होती, आणि जमिनीवर तेलाचे चार ठिपके.

"एकोणीसशे चोवीसचं टी मॉडेल होतं," केवलचंद सांगत होते. "वडिलांनी, रतनलाल शेठनी, कॅनडाहून बोटीने मागवलेलं. फोर्ड कंपनीने एकोणीस वर्षांत दीड कोटी गाड्या काढल्या या मॉडेलच्या. सगळ्या जगाला हिनेच चाकांवर बसवलं. आणि आता खानदेशात अशी कितीशी उरलीय? बेचाळीस साली पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा वडिलांनी शेडमध्ये लावली, ती लावलीच. मुंबईचे एक गृहस्थ घ्यायला तयार झाले. बुधवारी न्यायला येणार होते."

"इतकी वर्षं बंद होती, मग गाडी चालू कशी झाली?"

"त्यांचा मिस्त्री आठ दिवस इथेच खपत होता. कालच सुरू केली."

"आज घरी कोण होतं?"

"कोणीच नाही. एरंडोलला लग्न होतं, सगळे जेवायला गेलो. घरी फक्त मां."

"किल्ल्या?"

"एक माझ्याकडे. एक घरातल्या जुडग्यात. एक मगनकडे."

मगन म्हणजे शेठच्या जीपचा ड्रायव्हर. पंचविशीचा, लग्नासाठी घातलेला पांढरा शर्ट अजून अंगावर होता. तो उभा राहिला तो हात जोडूनच.

"जेवणाच्या पंगतीत होतास?"

"पहिल्या पंगतीत वाढलं, साहेब. मग लिंबाखाली झोपलो."

"किती वेळ?"

"तासभर."

"कोणी पाहिलं?"

"झोपलेल्याला कोण पाहतं?"

"गाडी चालवता येते?"

"जीप येते. मॅटाडोर येते."

"आणि ही?"

"ही पुसता येते, साहेब."

बागुलांना उत्तर आवडलं, पण आवडलेलं उत्तर पंचनाम्यात लिहिता येत नाही. पोराला एसटीत ड्रायव्हरची नोकरी लागली होती. बुधवारी सकाळी दहाला जळगावला हजर व्हायचं, सोबत पोलिसांचा वर्तणुकीचा दाखला. तो दाखला बागुलांच्याच टेबलावर पडलेला होता, सहीविना.

मुंबईचा मिस्त्री जहूर तिशीतला, चुणचुणीत. तोही लग्नाच्या पंगतीत होता आणि शंभर माणसांच्या देखत चार जिलब्या जास्त खाऊन बसला होता.

"ही गाडी कोणीही चालवेल?"

"नाही, साहेब. पायाशी तीन पेडल. डावं गिअरचं, मधलं रिव्हर्सचं, उजवं ब्रेकचं. पेट्रोल हाताच्या दांडीने वाढवायचं. आजचा ड्रायव्हर बसला तर भिंतीत घालेल."

"सुरू कशी करायची? हँडल मारून?"

"हिला सेल्फ आहे. मी नवी बॅटरी बसवली. पायाखालचं बटण दाबलं की झालं."

"पेट्रोल किती होतं?"

"दोन लिटर. आवारात फिरवण्यापुरतं."

"दोन लिटरवर टेकडी चढेल?"

जहूर हसला. "टाकी सीटखाली आहे, साहेब. पंप नाही. पेट्रोल स्वतःच्या वजनाने पुढे इंजिनात उतरतं. चढावर नाक वर झालं की एवढंसं पेट्रोल मागेच राहणार. वीस पावलांत बंद."

टेकडी चढायची नाही, हे ऐकून बागुलांच्या गुडघ्याला बरं वाटलं.

टेकडीच्या पोटाशी शेळ्या चारणारी धुरपदाबाई मात्र वेगळंच सांगत होती.

"मी बकऱ्या चारी ऱ्हायंती, साहेब. वर रस्तावर घाणेरीनी आड गाडी दिसनी. तोंड खाले व्हतं."

"किती वाजता?"

"ऊन डोकावर व्हतं. बठ्ठं गाव लगीनमा गयथं."

"चालवत कोण होतं?"

"माले काय माहीत? आत पांढरं कापड दिसनं. मी घाबरनी. बकऱ्या लिसन नालामा उतरनी."

पांढरं कापड म्हणताच केवलचंदांनी मगनच्या शर्टाकडे पाहिलं.

"मिस्त्री म्हणतो चढणार नाही," बागूल म्हणाले.

"कशी तरी चढवली असेल थोडी, आडोशाला! मग रस्ता मोकळा पाहून खाली उतरवली. ही बाई सांगतेय ना, तोंड खाली होतं? म्हणजे खाली गेली!"

बागुलांनी मान डोलावली. दोन शिपाई नाक्याकडे पाठवले. नाक्यावरचा कारकून शपथेवर सांगू लागला की असली गाडी गेली असती तर त्याने दुपारची झोप मोडून पाहिली असती. शिपायांनी वाटेतले गोठे पाहिले, विहिरी पाहिल्या, कडब्याच्या गंजीत काठ्या खुपसल्या. बागूल शेडच्या सावलीत खाटेवर बसून हुकूम सोडत होते. उंटावरून शेळ्या हाकण्यातलं सुख या वयात कळतं.

निघण्याआधी त्यांनी म्हाताऱ्या सुगनबाईंची गाठ घेतली. सत्तरी ओलांडलेली, बुटकी, पांढऱ्या लुगड्यातली विधवा. पदर कपाळाखाली ओढलेला, कमरेला किल्ल्यांचं जुडगं. ओसरीवर सून चंद्रकांता सासूचं लोकरीचं पांढरं आसन झटकत होती. तांबूस धूळ उडाली आणि बागुलांना शिंक आली.

"बाईजी, दुपारी गाडीचा आवाज आला?"

"त्या गाडीचा आवाज मला अठ्ठेचाळीस वर्षं येतो."

"आज?"

"आजही आला."

"शेडकडे कोणी गेलं?"

"बाहेरचं कोणी आलं नाही."

"तुम्ही कुठे होतात?"

"सामायिकात बसले होते. दोन घडी."

दोन घडी म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. वाळूचं घड्याळ समोर ठेवून एका आसनावर बसायचं, घर पेटलं तरी उठायचं नाही. बागुलांना जैनांचा हा नेम ठाऊक होता. त्यांनी पुढे विचारलं नाही. मग म्हातारीच आपणहून बोलली.

"यांना संध्याकाळी वर जायची हौस. मलाही न्यायचे. चढताना सगळा वेळ गाव समोर दिसायचं, हळूहळू लहान होत जाणारं. मला ते फार आवडायचं."

"हां," बागूल म्हणाले आणि वही मिटली. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ऐकायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

सोमवारी मोठ्या साहेबांचा निरोप आला. किल्ली आहे, पांढरा शर्ट आहे, लिंबाखाली झोपल्याला साक्षीदार नाही. पोराला बसवून ठेवा, मंगळवारी गुन्हा दाखल करा.

मगन ठाण्याच्या कोठडीत बसला. त्याची आई सुमनबाई पायरीवर बसली. तिच्या हातात एसटीचं पाकीट होतं, घामाने ओलं झालेलं.

"मना पोऱ्या चोर नही शे, भाऊ," ती म्हणाली. तेवढंच म्हणाली. ओरडली असती तर बागुलांना बरं वाटलं असतं.

चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ जणांना आत टाकलं होतं. त्यातले काही निर्दोष असतील, हे त्यांना अलीकडे दुपारी जेवल्यावर आठवायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी देऊन निवृत्त व्हायचं, असा हा योग दिसत होता. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

मंगळवारी सकाळी बायको बेबाबाई स्वयंपाकघरात तेलाच्या डब्याशी झटत होती. तळाशी जेमतेम पळीभर तेल उरलं होतं.

"संपलंय ते," बागूल म्हणाले.

"संपलं कुठे? डबा तोंडाकडे कलता केला की येतं."

तिने डबा कलता केला. तेल आलं.

बागूल हातातला चहा विसरले. त्यांनी डबा स्वतः एकदा मागे, एकदा पुढे कलवून पाहिला. मग म्हणाले, "आमचं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

"काय झालं?"

"काही नाही. दोन दिवस गुडघ्यांनी तपास केला. आज डोकं लावून पाहतो."

दहा वाजता जिनिंगच्या ओसरीवर सगळे जमले. केवलचंद, चंद्रकांता, जहूर मिस्त्री आणि दाराआड, पदर ओढून, सुगनबाई. मगनला आणि त्याच्या आईला बागुलांनी जीपमधून सोबत आणलं होतं.

"शेठ, गाडी खाली गेलीच नाही," बागुलांनी सुरुवात केली. "वर गेली. वरच आहे."

"पण त्या बाईने तोंड खाली पाहिलं!"

"बरोबर पाहिलं. आपण चुकीचं समजलो. जहूर, टाकीत पेट्रोल थोडं, इंजिन पुढे. चढावर नाक वर केलं की पेट्रोल मागे राहतं. मग नाक खाली ठेवून चढलं तर?"

जहूरने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. "उलटी! रिव्हर्समध्ये! साहेब, रिव्हर्सला जोरही जास्त असतो."

"म्हणजे गाडी पाठमोरी वर चढत होती आणि तिचं तोंड गावाकडे होतं. धुरपदाबाईला क्षणभर दिसलं ते एवढंच. ती नाल्यात उतरली, आणि आम्ही वर जाऊन पाहिलं नाही. ती चूक माझी. आता प्रश्न असा, की ही युक्ती कोणाला माहीत? मुंबईच्या मिस्त्रीलाही नाही. ज्याने या गाडीतून, या टेकडीवर, रोज प्रवास केला त्यालाच."

"वडील वारले. त्यांचा ड्रायव्हर त्यांच्याही आधी गेला," केवलचंद म्हणाले.

"ड्रायव्हर गेला. शेजारी बसणारं माणूस आहे." बागुलांनी आवाज खाली आणला. "टेकडी चढताना गाव सारखं समोर दिसायचं, असं मला कोणीतरी सांगितलं. सरळ चढणाऱ्या गाडीतून गाव पाठीमागे राहतं, शेठ. समोर दिसायचं तर उलटंच चढावं लागतं."

चंद्रकांताने दाराकडे पाहिलं.

"त्याच माणसाच्या कमरेला घरची किल्ली. अंगावर पांढरं लुगडं. आणि त्याच्या बसायच्या आसनातून तांबडा मुरूम झटकला गेला, तो मी नाकाने घेतला. या आवारात सगळी काळी माती. तांबडी धूळ टेकडीवरच. गाडीची गादी फाटलेली असणार, म्हणून आसन सोबत नेलं. सामायिक झालं, ते खाली चालत आल्यावर. बाईजी खोटं बोलल्या नाहीत. बाहेरचं कोणी आलं नाही म्हणाल्या. आतलं कोणी गेलं का, हे मी विचारलंच नाही."

"मां?" केवलचंद हसायला गेले, पण हसू आलं नाही. "मां गाडी चालवते?"

सुगनबाई दाराबाहेर आल्या. मुलाकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या मगनकडे पाहत होत्या. त्याच्या चुरगळलेल्या शर्टाकडे, पायरीवरच्या सुमनबाईकडे.

"याला काय झालं?"

"कालपासून कोठडीत होता, बाईजी. चोरीसाठी."

"मला कोणी सांगितलं नाही." त्या पायरीपर्यंत आल्या. "या घरात मला कोणी काही सांगत नाही. मगन, मला माहीत असतं तर मी कालच आले असते, बेटा. बुधवारी तो मुंबईवाला रिकाम्या हाताने गेला की मी स्वतः सांगणार होते." त्यांनी सुमनबाईपुढे हात जोडले. शेठच्या आईने हात जोडलेले त्या ओसरीने कधी पाहिले नव्हते. सुमनबाई गडबडून उभी राहिली.

"पण मां, का?" केवलचंद ओरडले. "ते भंगार! विचारायचं तरी!"

"तू विचारलंस?" म्हातारी म्हणाली. "यांनी मला अक्षर शिकवलं नाही, दुकान शिकवलं नाही. सासूच्या चोरीने वर टेकडीवर नेऊन ही एवढी एकच गोष्ट शिकवली. तू ती विकलीस, आणि मला कळलं ते मिस्त्रीच्या हातोड्याच्या आवाजाने. विचारलं असतंस तर दिली असती."

केवलचंद खाली बसले.

मग सगळे टेकडी चढले. बागुलांनी प्रत्येक वळणावर गुडघ्याला शिव्या दिल्या. बंगल्याच्या पडवीत, वटवाघळांच्या खाली, काळी फोर्ड उभी होती, गावाकडे तोंड करून.

"आता खाली कोण नेणार?" जहूरने विचारलं. "मला उतारावर हिची खात्री नाही."

"मगन, बस," बागूल म्हणाले. "पंचनाम्यासाठी."

मगन बसला. जहूरने दाखवलेलं बटण दाबून गाडी सुरू केली, तीन पेडलांकडे पाहिलं, क्लच शोधला, एक पेडल दाबलं आणि गाडी मागे भिंतीला पाठ घासून बंद पडली. तो घाबरून दोन्ही पाय वर घेऊन बसला. सुमनबाई पहिल्यांदा हसली.

"लिहून घेतो," बागूल म्हणाले. "आरोपीस सदर वाहन चालवता येत नाही."

सुगनबाईंनी पदर मागे घेतला. केवलचंदांनी आईचा सगळा चेहरा चारचौघांत प्रथमच उघडा पाहिला असेल.

"सरक, मगन."

बागुलांनी खिशातून दाखला काढला, फोर्डच्या काळ्या बॉनेटवर ठेवला आणि सही केली. वर्तणूक चांगली. मग दाखला मगनच्या हातात देऊन ते मागच्या सीटवर चढले. पायी उतरायची त्यांच्यात ताकद नव्हती.

"बाईजी, हळू घ्या," ते म्हणाले. "माझे वीस दिवस राहिलेत."

"बसा गप्प," सुगनबाई म्हणाल्या, आणि पायाखालचं बटण दाबलं.