पहिली धार

विश्वास ठेवायचा का नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण यातली शिवलीला माझी मावसबहीण आहे, आणि हे सांगताना तिनं पोटच्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला होता.

गेल्या पौषातली गोष्ट. धाराशिव. सकाळचे सहा वाजलेले, अजून फटफटलंही नव्हतं.

शिवलीला लॅबमध्ये कामाला. स्कूटीवर घरोघरी जायचं, उपाशीपोटीचं रक्त काढून आणायचं. बाळंतपणाची रजा संपून आठवडाच झाला होता. तीन महिन्यांची आरोही घरी सासूबाईंपाशी.

त्या दिवशी येडशी रोडच्या नव्या वसाहतीतून फोन होता. घरात माणसं तीन.

दार सताड उघडं.

उंबऱ्याशी एकही चप्पल नाही...

आत चहाचा वास नाही. भांड्याचा आवाज नाही. स्वयंपाकघरात ओटा होता, पण शेगडीच नव्हती.

भिंतीला टेकून एक म्हातारा, एक म्हातारी आणि तिशीतला एक पोरगा बसलेले. पोरगा पापणी हलवत नव्हता.

"आजोबा, उपाशी आहात ना?" तिनं रोजच्या सवयीनं विचारलं.

"व्हय बाय," म्हातारा म्हणाला. "लई दिसाचं."

तिनं म्हाताऱ्याच्या दंडाला पट्टा बांधला. शीर सापडली. सुई आत गेली...

रक्त आलंच नाही.

दुसऱ्या हाताला टोचलं. तिथंही नाही. सुई काढून कापूस दाबला. कापूस पांढराच्या पांढरा.

म्हातारी हसली. "त्यांच्या अंगात कुठलं आलंय? ते तर दुसऱ्याच्या रगतावर जगत्यात. ह्यो पोरगा झोपंवर. गल्लीत इचार, दोन म्हैने झालं कुणाचा डोळा लागंना. आमी एका घरात ऱ्हातो, पण तोंडं येगळी."

"आणि तुम्ही, आजी?" थट्टाच असेल, म्हणून शिवलीलानं विचारलं.

म्हातारी नुसती तिच्या छातीकडं बघत राहिली... आणि जात्यावर बसल्यागत हळू आवाजात म्हणू लागली,

"दळण सरलं बाई, जातं उपाशी राहिलं,
पान्हा कुणाचा गं, कुणी ओठाला लाविला..."

शिवलीलानं खाली बघितलं. अ‍ॅप्रन दोन्हीकडं भिजला होता. लेकरू जवळ नसताना पान्हा सुटला होता.

"जा," म्हातारी म्हणाली. "लेकरू रडाया लागलंय."

ती घरी कशी पोचली, तिलाच आठवत नाही. आरोहीचा टाहो गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आला.

"अगं, पाय धू आधी!" सासूबाई ओरडल्या. "भायेरून आलीस. पयली धार भुईला सोड, मग घे लेकराला!"

बाहेरचं वारं बाहेरच राहावं, म्हणून आपल्याकडं हे करतात. शिवलीलाही रोज करायची. पण पोर रडून काळीनिळी पडली होती.

तिनं तसंच पदराखाली घेतलं.

आरोही गप झाली. एकदम...

प्याली, पोटभर प्याली. डोळे मात्र उघडेच. दाराकडं लावलेले.

त्या दिवसापासून तिनं आईला तोंड लावलेलं नाही. बाटली नाही, चमचा नाही. डॉक्टर म्हणतात, वजन तर चांगलं भरतंय, काळजी कसली करता?

रोज सहाला शिवलीलाला पान्हा फुटतो. पदर भिजतो... आणि बघता बघता कोरडा होतो. कुणी चाटून घेतल्यासारखा.

पंधरा दिवसांनी आरोहीचा साडेतीन महिन्यांचा डोस होता. नर्सबाईंनी मांडीत सुई दिली. पोर रडली नाही.

"धरा जरा दाबून," नर्सबाई म्हणाल्या.

शिवलीलानं कापूस धरला. मग उचलून बघितला.

सासूबाईंनी विचारलं, "थांबलं का गं रगत?"

"थांबलं," ती म्हणाली. कापूस तिनं मुठीत लपवला.

सोमवारी पहाटे फोन वाजला. आवाज म्हातारीचा.

"बाय, येतीस का? आजूक उपाशीच हाय आमी. नावं लिवून घे... आता चौघांची."

मागं पाळणा करकरला. शिवलीलानं वळून बघितलं.

आरोही जागीच होती. हसत होती.