शंभरातले एकावन्न

पुढचं गणित सोडवून बघा. यानाला सरासरी दहा मिनिटं उशीर होतो. उतरल्यावर पुढच्या यानाच्या दारापर्यंत चालायला वीस मिनिटं लागतात. हातात चाळीस मिनिटं आहेत. तर मग अकरा वर्षांची रेवा टेंबे आणि तिचे आजोबा चंद्राचं यान चुकवून कक्षास्थानकाच्या (पृथ्वीभोवती फिरणाऱ्या मोठ्या यानतळाच्या) बाकावर का बसले होते?

रेवाने हे तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा दहा मिनिटं उरली. उत्तर बरोबर होतं आणि यान गेलं होतं.

"तुमची जोडवेळ (एक यान उतरल्यापासून दुसरं सुटेपर्यंतचा वेळ) पुरेशी होती," अचूक म्हणाला. अचूक हा तिकिटं काढणारा आणि प्रवासभर सोबत राहणारा यंत्रमानव. हे नाव त्याला कंपनीने दिलं होतं. "तुम्ही माझ्यामुळे सव्वीस तास वाचवले आहेत."

ते सव्वीस तास आता त्यांच्याकडे होते. पण त्यांचा उपयोग नव्हता, कारण रेवाची आई आज, गुरुवारी, संध्याकाळी पाच वाजता चंद्रावरून मंगळाला निघणार होती, चार वर्षांसाठी. चुकलेलं यान चारला पोचलं असतं. आईला भेटायला एक तास मिळाला असता. पुढचं यान दोनला सुटणार होतं आणि आठला पोचणार होतं.

आजोबा निवृत्त संख्याशास्त्रज्ञ. त्यांनी पिशवीतून डबा काढला. त्यात आईसाठी केलेले शंकरपाळे होते. आता डबा उघडायला हरकत नव्हती.

"हे आपलं यान, मागच्या दहा दिवसांतलं," त्यांनी दहा शंकरपाळे बाकावर मांडले. स्थानक स्वतःभोवती फिरतं, त्यामुळे वस्तू जागेवर राहतात, नाहीतर गणित हवेत तरंगलं असतं. "आठ दिवस अजिबात उशीर नाही. दोन दिवस पन्नास पन्नास मिनिटं. सरासरी सांग."

"शंभर भागिले दहा. दहा मिनिटं."

"आता दहा मिनिटं उशीर झालेला शंकरपाळा दाखव."

रेवाने बघितलं. तसा एकही नव्हता.

"सरासरी खोटं बोलत नाही," आजोबा म्हणाले. "ती अर्धवट बोलते. आकडे तिच्यापासून किती लांब पसरलेत, त्याला विखुरण म्हणतात. यान चुकतं ते विखुरणामुळे, आणि जाहिरातीत छापतात सरासरी."

"म्हणजे दहातली आठ माणसं पोचतात. आपण दोनातले निघालो."

"आपल्याला किती वेळा यान बदलायचं होतं?"

"तीनदा. दोनदा पळत जाऊन गाठलं, तिसऱ्यांदा चुकलं."

"मग शंभर कुटुंबं घे, आणि तिन्ही यानं अशीच धर. पहिल्या बदलाला ऐंशी उरतात. दुसऱ्याला त्या ऐंशीतली ऐंशी टक्के, म्हणजे चौसष्ट. तिसऱ्याला एकावन्न. संभाव्यता (एखादी गोष्ट घडण्याची शक्यता) अशी गुणत जाते. दर वेळी थोडीच कमी होते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही."

रेवा इकडेतिकडे बघू लागली. बाकं पुष्कळ होती आणि सगळी भरलेली होती. उरलेल्या एकोणपन्नासांची सोय स्थानकाने छान केली होती.

"एक दुरुस्ती," अचूक म्हणाला. "तुमच्या यानाला उशीर झालाच नव्हता. ते वेळेवर निघालं, अशी नोंद आहे."

"आम्ही आत बसून होतो की," रेवा म्हणाली. "पन्नास मिनिटं हललंच नाही."

"दार वेळेवर लागलं. दार लागलं की 'निघालं' अशी नोंद होते."

रेवा विचारात पडली. मग म्हणाली, "आजोबा, प्रमोदकाका फोनवर 'निघालो, निघालो' म्हणतो तेव्हा काय करत असतो?"

"मोजे शोधत असतो."

"मग यांच्या नोंदी प्रमोदकाका लिहितो."

आजोबा हसले नाहीत. "बरोबर पकडलंस. आकडा बघण्याआधी विचारायचं, मोजलं नेमकं काय. म्हणजे खरे एकावन्नसुद्धा नसतील."

रेवाने एक शंकरपाळा उचलला आणि परत ठेवला.

"तुम्हाला हे सगळं आधीच माहीत होतं?"

"हो."

"अचूकने एक दिवस आधीचं तिकीटही दाखवलं होतं ना?"

"दाखवलं होतं. पण त्यासाठी मंगळवारीच निघावं लागलं असतं, आणि मंगळवारी माझं व्याख्यान होतं."

"कशावर?"

आजोबांनी डब्याचं झाकण लावलं. "संभाव्यता आणि आपण."

"मग तरीही हेच का घेतलं?"

"मला वाटलं, आपण त्या एकावन्नात असू," आजोबा म्हणाले. "सगळ्यांना तेच वाटतं, रेवा. शंभरच्या शंभर जणांना. माझं चुकलं."

चाळीस वर्षं लोकांना हेच शिकवलेल्या माणसाला आणखी काय बोलायचं.

"एक चांगली बातमी आहे," अचूक म्हणाला. "मंगळाच्या जहाजाला सरासरी चार तास उशीर होतो. तुम्हाला तीनच तास हवे आहेत. तुम्ही आरामात पोचाल."

सकाळची रेवा बाकावरून उडी मारून उठली असती. आताच्या रेवाने विचारलं, "दहापैकी किती वेळा ते वेळेवर निघालं?"

"आठ वेळा."

"म्हणजे उरलेल्या दोनदा वीस वीस तास उशीर. आणि निघालं म्हणजे दार लागलं का?"

"नाही. जहाजाने चंद्राची जमीन सोडली, की नोंद होते."

"मग दहापैकी दोन," रेवा म्हणाली. "चला आजोबा. दोन तर दोन."

साडेचार वाजता ते वाटेत असताना समोरच्या पडद्यावर आई दिसली. आवाज दीड सेकंद मागून येत होता, म्हणून दोघी सारख्या एकमेकींच्या बोलण्यात बोलत होत्या.

"शंकरपाळे आणले होते," रेवा म्हणाली.

"खुसखुशीत झालेत?"

"आजोबांनी त्यांचं गणित केलं."

आई हसली, मग दीड सेकंद काहीच नाही. "बरं, चल. येते हं."

पडदा बंद झाला.

"आई येत आहेत," अचूक म्हणाला. "किती वाजता, ते नोंदवू?"

"जाताना आपल्यात 'येते' म्हणतात," आजोबांनी सांगितलं. "'जाते' म्हणत नाहीत."

"मग 'येते' म्हणजे 'निघाले'?"

"निघाले म्हणजे निघाले नाही," रेवा म्हणाली. "आणि येते म्हणजे चालले. तुला नाही कळायचं."

पाच वाजून एका मिनिटाने खिडकीतून चंद्राच्या कडेवर एक बारीक पांढरी रेघ उठलेली दिसली. ज्याला उशीर व्हायला हवा होता, ते नेमकं वेळेवर निघालं होतं.

रेवा ती रेघ पुसट होईपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "अचूक, चार वर्षांनी आई परत चंद्रावर उतरेल, तेव्हाचं तिकीट आत्ताच मिळतं?"

"मिळतं. पुन्हा तीन बदल, जोडवेळ चाळीस मिनिटं. आई उतरण्याच्या एक तास आधी पोचाल."

"तीन दिवस आधी पोचणारं दे."

"त्यात बहात्तर तास वाया जातील."

"वाया नाही," रेवा म्हणाली. "त्याला विखुरणाची जागा म्हणतात."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. हा शब्द त्यांच्या व्याख्यानात नव्हता.

"प्रवासी किती?" अचूकने विचारलं.

"दोन. आणि आजोबा, त्या आठवड्यात कुठे व्याख्यान घेऊ नका."