खाली ठेवलेली कॉफी

"हसू नका रे," तौफीक मास्तर गच्चीवरच्या अंधारात पोरांना म्हणाले. "मुखतारची बायको माझी सख्खी बहीण. तिनंच सांगितलंय."

२०१८चा नोव्हेंबर, बावीस तारीख, गुरुवार. रात्रीचे नऊ. सीरियातल्या हौरान भागातल्या त्यांच्या गावचा मुखतार, म्हणजे सरकारनं नेमलेला पाटील, अबू नायेफ, एका साध्या कामाला निघाला. खिशात सरकारी कागद: गस्सान, वय एकोणीस, तुरुंगात हृदय बंद पडून मृत्यू. प्रेत मिळणार नव्हतं. खाली फक्त आईचा अंगठा हवा होता. सहा वर्षांपूर्वी शिपायांना गस्सानचं दार दाखवणाराही हाच.

गस्सानच्या आईनं, उम्म गस्साननं, कॉफी ओतली. त्यानं पेला न पिता खाली ठेवला. म्हणजे मागणं आहे. घरातून 'मान्य' आल्याशिवाय ओठाला लावायचा नाही, आणि प्यायलं की शब्द बांधला गेला. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक.

"मुखतारवर मागायची वेळ आली?" ती म्हणाली. "बोला."

"ताई, अंगठा दे. प्रकरण मिटेल."

"माझा पोरगा बैलासारखा होता. त्याचं हृदय बंद पडलं, की कोणी पाडलं?"

"वरून आलंय तसं लिहिलंय."

"वरून कावळेही हगतात, मुखतार. तेही डोक्यावर मिरवता?"

त्यानं कळवळ्याचं सोंग आणलं. "देवाशपथ ताई, गस्सानच्या जागी मला नेलं असतं तर बरं झालं असतं."

तोंडदेखलं. अशा प्रत्येक घरी तो हेच म्हणायचा. म्हणायचा, अंगठा घ्यायचा, आणि घरी जाऊन पोटभर जेवायचा.

आतल्या खोलीतून तरुण आवाज आला.

"प्या काका. मान्य."

हात आपोआप उचलला गेला. सवयीनं. पेला रिकामा झाला.

मुखतार दचकून उठला.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग आत्ता..."

उम्म गस्सान आतल्या दाराकडे वळली. पोराचा आवाज तिनंही ओळखला होता. "तुम्ही प्यालात..." एवढंच म्हणाली.

तो पळाला. कागद तिथंच राहिला. अंगठ्याविना.

घरी दिव्याखाली बायकोनं त्याची बाही वर सारली. दोन्ही मनगटांवर वळ. शिपाई हात बांधतात त्या प्लास्टिकच्या पट्टीचे. खोल. काळेनिळे.

मास्तर कठड्याशी गेले. खाली थुंकले.

"सरकार गेलं. शिक्का बदलला. मुखतार तोच. भर जुलैत लांब बाह्या घालून कचेरीत बसतो. आणि ते वळ... अजून ओले आहेत."