रिकाम्या गोलातलं माणूस

सुनेची नोकरी म्हणजे मेलेल्या माणसांच्या नसत्या चौकश्या, असं सासूबाईंचं ठाम मत होतं. दप्तरखान्यातून जुन्या जबान्यांचे फोटो येत. कोण कोणाचं कोण, कोणी काय केलं, हे सून घरी बसून काँप्युटरला समजावून देई. माणसाला एक गोल, नात्याला एक रेघ. कागदात नाव नसलं की गोल रिकामा. मग सगळ्या कागदांचा अर्थ जुळवून काँप्युटर ताडे, की इथला माणूस आणि तिथला माणूस एकच.

"त्याला एवढं शिकवावं लागतं? मी नुसत्या पावलांवरून ओळखते," सासूबाई म्हणत.

त्या दुपारी सून पडद्यावरची एक रेघ पुन्हा पुन्हा पुसत होती. आतल्या खोलीत सासूबाईंचे यजमान नऊ दिवस तापानं फणफणत होते.

"काय गं, काय पुसतेस एवढं?"

"आई, हे बघा. तीन घरं, तीन मृत्यू, मध्ये चाळीस-चाळीस वर्षं. मरण्याआधी आजाऱ्याला पाणी कोणी पाजलं, हे तिन्ही घरांत कोणालाच ठाऊक नाही. मी तीन वेगळे रिकामे गोल काढले. यानं त्यांचा एकच केला."

"मग सोडव."

"सोडवले. परत एक होतात. आणि आज त्याला चौथी रेघ आलीय. मी नाही काढली."

रेघेच्या टोकाला यजमानांचं नाव होतं.

सासूबाईंनी आधी सुनेची बोटं निरखली. ती कळफलकापासून दूर, मांडीवर होती.

तेवढ्यात आत पेला सरकल्याचा आवाज आला. यजमानांना तर कूस बदलवत नव्हती.

"त्या गोलात माझं नाव घाल."

"आई, जिवंत माणसाचं घालत नाहीत. सक्त नियम आहे."

"नियम गेला खड्ड्यात! या घरात ह्यांना पाणी मी देते. जागा रिकामी दिसली म्हणून कोणीही येऊन बसेल होय?"

सुनेनं नाव घातलं.

आतला आवाज थांबला.

सासूबाई आत धावल्या. खोलीत कोणी नव्हतं. यजमानांचं कपाळ घामानं भिजलेलं, गार. ताप उतरला होता. त्यांनी डोळे उघडले, दाराकडे पाहिलं.

"सूनबाई, भूक लागलीय गं."

सून रडत-हसत आली. हात धरून त्यांना टेबलापाशी घेऊन गेली. दोन ताटं मांडली.

"आणि माझं काय तुझी आई येऊन वाढणार?" सासूबाई कडाडल्या.

दोघांनीही मान वर केली नाही.

सासूबाईंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. सुनेनं ती खुर्ची सहज ओढून घेतली आणि भिंतीशी नेऊन ठेवली.