खाली जाणारा समुद्र

आफ्रिकेकडून धूळ आली की क्रीट बेटावरच्या बायका वाळत घातलेले कपडे आत घेतात, आणि कलिरोई विमानात जाऊन बसते. विमानाच्या पोटातून खाली लेसरचा किरण सोडायचा, हवेतल्या कणांवर आपटून परत आलेला उजेड मोजायचा आणि धुळीचा थर किती उंचीवर, किती दाट, ते पडद्यावर पाहायचं, हे तिचं काम. थराच्या खाली एक ठळक रेघ उमटायची. तो समुद्र. तिथे किरण संपायचा.

त्या दुपारी गाव्दोस बेट मागे पडलं आणि ती रेघ खाली सरकू लागली.

"स्तामाती, आपण वर चाललोय का?"

"छे गं! चार हजार मीटरवरच आहोत," वैमानिक स्तामातिस म्हणाला. "धुळीनं तुझ्या यंत्राला शिंका आल्या असतील."

तिने यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. समुद्र सहा हजार मीटर खाली होता. मग आठ. धुळीचा थर मात्र जागच्या जागी. तिने खिडकीतून डोकावलं. मघाशी काडीएवढं दिसणारं तेलवाहू जहाज आता तांदळाच्या कणीएवढं झालं होतं.

"खाली घे," ती म्हणाली. "आत्ता."

स्तामातिसने विमानाचं नाक झुकवलं. कानांत दडे बसले. काचा पिवळ्या झाल्या, मग निवळल्या. धूळ डोक्यावर गेली. उंचीचा काटा दोनशे मीटरवर आला.

तरी जहाज आणखी लहान होत दिसेनासं झालं होतं.

स्तामातिसची थट्टा कधीच थांबली होती. त्याने विमान क्रीटकडे वळवलं. डोंगर दिसले, पण फार खोल, पाण्यात पडलेल्या खड्यांसारखे. इंधनाचा लाल दिवा लागला.

त्याने रेडिओवर विमानतळाच्या मनोऱ्याला हाक मारली. तिथला लेफ्तेरिस त्याचा जुना दोस्त.

"लेफ्तेरी, आम्हाला खाली येता येत नाहीये."

रेडिओ खरखरला.

"कोण बोलतंय?"

"अरे, मी स्तामातिस!"

"काहीतरीच काय! तो मघाशीच उतरला. इथे माझ्यासमोर कॉफी पितोय."

पलीकडे कपबशी वाजली.

"काय झालं, लेफ्तेरी?" एका बाईने विचारलं.

कलिरोईने आवाज ओळखला. तो तिचा स्वतःचा होता.

"सोड रे," तो आवाज समजुतीने म्हणाला, "धुळीत रेडिओ असाच बरळतो."

आणि पलीकडच्या त्या बाईने रेडिओ बंद केला.