चौदा ऑक्टोबरची ओळ

हिंजवडीच्या त्या ऑफिसात चहाच्या मशीनशेजारी पांढरा बोर्ड होता. २००३ साली अभय कांबळे रोज सकाळी त्यावर दिनविशेष लिहायचा. ही सवय त्याच्या वडिलांची, मार्केट यार्डात हमाली करणाऱ्या कचरूंची. पेपरातला दिनविशेष मोठ्याने वाचल्याशिवाय लेकाला चहा मिळत नसे!

एकवीस जुलैला, यवतमाळहून नुकतीच आलेली पूर्णिमा बोर्डापाशी थबकली. 'चंद्रावर पहिलं पाऊल, १९६८.' तिने बोटाने आठ पुसला, नऊ केला.

"एक वर्ष आधीच पोचवलंत की हो!"

"चुका पुसायची फार हौस दिसते?" मागून अभय म्हणाला.

"टेस्टिंगला आहे मी. पगारच त्याचा मिळतो."

"मग माझ्याही पुसत जा... फुकटात."

झालं! बाईसाहेब रोज कंपनीची आधीची बस पकडू लागल्या. तो मुद्दाम एक चूक करायचा, ती हसत पुसायची. ऑक्टोबरपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं.

तिने घरी सांगितलं, पण अर्धवट. "अभय नाव आहे, बाबा. फार चांगला आहे." आडनाव सांगितलं की जात कळणार, आणि मग बाबा ऐकून तरी घेतील का? जीभ रेटेना. वडील, नागोराव, मुलगा बघायला पुण्यात, थेट ऑफिसात आले ते नेमके चौदा ऑक्टोबरला.

बोर्डावर त्या दिवशी एकही चूक नव्हती. '१९४७ : विमानाने आवाजाचा वेग ओलांडला.' खाली, ठळक : '१९५६ : नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्म स्वीकारला. माझे आजोबा तिथे होते. — अभय.'

नागोराव बोर्ड वाचायला खिशात चष्मा चाचपत होते. खालची ओळ वाचली की जात कळलीच! आणि काय केलं या शहाणीने? ओढणीच्या टोकाने खालची ओळ पुसून टाकली.

"काय पुसलं गं?"

"काही नाही बाबा... चुकलं होतं."

वळली, तर मागे अभय. हातात तिघांचा चहा. त्याने कप टेबलावर ठेवले.

"नमस्कार काका. चहा घ्या. मला जरा मीटिंग आहे."

ती जिन्यापर्यंत धावली. "अभय, मी घाबरले रे..."

"कळलं मला. पण ती चूक नव्हती, पूर्णिमा."

महिन्याभरात तो बंगळूरला गेला. तिचा फोन त्याने एकदाही उचलला नाही. बाबांना आडनाव सांगायचं धाडस तिने नंतर केलं, पण तेव्हा त्याचा काय उपयोग?

पुढच्या चौदा ऑक्टोबरला तिने बोर्डावर ती ओळ शब्दन् शब्द लिहिली. खाली आणखी एक : '२००३ : पूर्णिमाने ही ओळ पुसली.'

"ही पूर्णिमा कोण?" चहा घ्यायला आलेल्या नव्या मुलीने विचारलं.

"मीच," ती म्हणाली. "ज्याने ती लिहिली होती ना... त्याच्यावर माझं प्रेम आहे."